पाच लाखांचा गेमिंग पीसी, पण सुरुवात भिंतीतल्या बोर्डापासून

तुझी लिस्ट बघितली भावा. बाकीच्यांना कळावं म्हणून थोडक्यात सांगतो: पाच लाख बाजूला काढलेत, पुण्याच्या कंपनीचं काम सोलापुरात घरूनच करतोस, खोली पूर्व भागात वरच्या मजल्यावर, मागच्या गल्लीत पावरलूम. लिस्टमध्ये इंटेलचा आय९ १४९००के प्रोसेसर, एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० ग्राफिक्स कार्ड, चार स्टिकमध्ये ६४ जीबी रॅम, साठ हजाराचा मदरबोर्ड, ती माशाच्या टाकीसारखी काचेची केस, ८५० वॅटची पॉवर सप्लाय, आणि मॉनिटर मात्र सध्याचाच २४ इंची फुल एचडी. गेम म्हणजे सायबरपंक, रेड डेड आणि रात्री पोरांसोबत व्हॅलोरंट. आणि वर विचारतोस, "दादा, यात एखादी गोष्ट बदलायची का?"

एखादी नाय बे, लई बदलायच्यात. पण तुझी चूक नाय त्यात. मी २००८ पासून हेच काम करतोय, ९८०० जीटी कार्ड म्हणजे लई भारी वाटायचं तेव्हापासून, आणि दरवेळी हेच बघतोय की लिस्ट बनवणारा माणूस व्हिडिओ बघून बनवतो, आणि तो व्हिडिओ बनतो २२-२३ डिग्रीच्या बंद खोलीत जिथं लाईट कधी जात नाय आणि हवेत कापूस उडत नाय. तुझी खोली मेमध्ये दुपारी चारला काय असते ते तुलाच माहिती. बाहेर ४३, वर स्लॅब तापलेला, आणि मागून लूमचा तंतू. म्हणून मी उलटीकडून सांगणार, भिंतीतल्या बोर्डापासून सुरू करून शेवटी प्रोसेसरपर्यंत येणार. कंटाळा आला तरी वाच.

पयलं अर्थिंग. हसू नको. पॉवर सप्लायच्या आत मेनच्या दोन्ही तारांपासून बॉडीला छोटे कपॅसिटर जोडलेले असतात, फिल्टरसाठी. अर्थिंग नीट असेल तर तो बारीक करंट जमिनीत जातो. अर्थिंग नसेल तर कॅबिनेटच्या पत्र्यावर अर्धा व्होल्टेज, म्हंजे ११०-११५ च्या आसपास, तसाच उभा राहतो. करंट कमी असतो म्हणून माणूस मरत नाय पण अनवाणी पायानं केसला हात लावला की चिमटे बसतात, ते तुला अनुभवानं माहिती असेलच, जुन्या घरात सगळीकडं असतंय. आता हा पत्रा तू एचडीएमआय केबलनं टीव्हीला जोडलास, आणि टीव्हीची डिशची तार गच्चीवरून कुठंतरी जमिनीला लागलेली आहे, की केबल लावतानाच बारीक ठिणगी आणि पोर्ट खलास. माझ्याकडं एकाचं दीड लाखाचं कार्ड असं आलं होतं, कार्ड चांगलं, फक्त एचडीएमआय मेलेला, आणि वॉरंटीत बसवून घेता घेता अडीच महिने गेले.

तपासायचं सोपं आहे. साधा मल्टिमीटर घे, एसी व्होल्टवर ठेव, न्यूट्रल आणि अर्थच्या भोकात टोकं घाल. दोन-तीन व्होल्टच्या आत असेल तर छान. दहा-पंधरा दाखवत असेल किंवा आकडा नाचत असेल तर इलेक्ट्रिशियनला बोलव, नवीन खड्डा करून प्लेट बसवून घे. आणि त्याच मीटरवर फेज-न्यूट्रलही बघ, एकदा संध्याकाळी सात-आठला सगळ्यांचे एसी चालू असताना, आणि एकदा रात्री दोनला लोड उतरल्यावर. या दोन आकड्यांत फरक किती पडतो त्यावर यूपीएस कुठला घ्यायचा ते ठरतं. आणि पीसीसाठी मीटरपासून वेगळी लाईन ओढून १६ अँपियरचा सॉकेट करून घे, आत्ताचा जो एका बोर्डावर पंखा, चार्जर, कूलर सगळं लटकवलेला प्रकार आहे तो नको.

आता यूपीएस. दुकानात साडेतीन हजाराला जो मिळतो तो ६०० व्हीएचा असतो, म्हंजे खऱ्या हिशोबात साधारण ३६० वॅट. तुझं एकटं ग्राफिक्स कार्डच त्याच्यापेक्षा जास्त खातं. गेम चालू असताना लाईट गेली की तो यूपीएस एकदा "टींSSS" करणार आणि पीसीसकट बंद पडणार, त्यापेक्षा नसलेला बरा. दुसरी गोष्ट म्हंजे चांगल्या पॉवर सप्लायमध्ये ॲक्टिव्ह पीएफसी, म्हंजे मेनमधून करंट नीट ओढणारं सर्किट, असतं आणि त्याला स्वच्छ साईन वेव्ह लागते. स्वस्त यूपीएस बॅटरीवर गेला की चौकोनी वेव्ह देतो, काही पॉवर सप्लाय ते चालवून घेतात आणि काही तिथंच बंद पडतात. घरचा इन्व्हर्टर तर विसरच. लाईट गेल्यावर पॉवर सप्लाय स्वतःच्या दमावर फक्त १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, आणि साध्या मोडवरचा इन्व्हर्टर बदली व्हायला त्याच्या दुप्पट वेळ घेऊ शकतो.

म्हणून २ केव्हीएचा ऑनलाईन यूपीएस घे, डबल कन्व्हर्जनवाला. त्यात पीसीला कायम बॅटरीच्या बाजूनंच करंट जातो, बदली हा प्रकारच नाय, वर व्होल्टेज कितीबी नाचू दे. त्याचा पंखा आवाज करतो म्हणून शक्य असेल तर खोलीबाहेर पॅसेजमध्ये ठेव. तेवढा खर्च नकोच असेल तर १५०० व्हीएचा प्युअर साईन वेव्ह लाईन-इंटरॅक्टिव्ह (लाईट असेस्तोवर मेनवर आणि गेली की बॅटरीवर जाणारा) चालेल, पण त्याच्या खाली उतरू नको. दहा मिनिटांचा बॅकअप बास, मॅच संपवून बंद करता आलं पायजे, पिक्चर बघायचा नाय आपल्याला त्याच्यावर.

उन्हाचं बोलू. पीसी जेवढी वीज खातो ती जवळपास सगळी शेवटी उष्णता होऊन खोलीतच येते, ती दुसरीकडं कुठं जाणार? तुझ्या लिस्टमधलं ५०९० हे ५७५ वॅटचं कार्ड, वर १४९००के पूर्ण जोरात गेला तर २५३ वॅट. दोघांचेच ८२८ झाले, आणि तू घेतोस ८५० ची पॉवर सप्लाय! एनव्हिडिया स्वतः ५०९० ला १००० वॅट सांगते. पण पॉवर सप्लायचं सोड, मेमध्ये बंद खोलीत सात-आठशे वॅटचा हीटर लावून तू बसणार आहेस त्याचं काय. पीसीतला कूलर कितीबी महाग लाव, तो फक्त पार्टचं तापमान खोलीच्या तापमानाच्या किती वर राहील एवढंच ठरवतो. व्हिडिओत २२ डिग्रीच्या खोलीत कार्ड ७० दाखवलं तर तुझ्या ४० च्या खोलीत तेच कार्ड ८८ कडं जाणार, आणि तिथं ते स्वतःच स्पीड उतरवतं. म्हंजे पैसे ५०९० चे आणि दुपारी फ्रेम (सेकंदाला जेवढी चित्रं दिसतात तो आकडा) त्याच्या खालच्या कार्डाच्या.

त्यामुळं याच पाच लाखात खोलीचा दीड टनाचा एसी धर. काम घरूनच करतोस तर तसाही लागणारच आहे. दीड टन म्हंजे पाच किलोवॅटच्या वर उष्णता काढायची ताकद, त्यातला पाऊण किलोवॅट पीसीला गेला तरी भागतंय. लाईट बिलाचाबी हिशोब करून ठेव, पीसी-मॉनिटर मिळून ६०० वॅट धरले आणि रोज पाच तास खेळलास तर दिवसाला तीन युनिट, महिन्याला नव्वद. एसी वेगळा. बिलाच्या वरच्या स्लॅबमध्ये गेलास की घरात बोलणी कोण खाणार ते तुझं तू बघ.

आणि एसीच्या ऐवजी डेझर्ट कूलर असेल तर तो पीसीच्या तोंडाला लावू नको. लोकांना वाटतं गार हवा आहे, चांगलंच आहे. पण त्या हवेत बारीक थेंब असतात आणि बोअरच्या पाण्याचे क्षार असतात. कूलरच्या जाळीवर पांढरा थर बसतो तो बघितलायस ना, तोच थर मी एका गिऱ्हाईकाच्या मदरबोर्डवर बघितलाय, दोन उन्हाळ्यांनंतर, रॅमच्या स्लॉटपाशी हिरवट झालेलं सगळं. कूलर खोलीच्या दुसऱ्या टोकाला, खिडकी उघडी, एवढं पाळलं तर चालतं.

आता लूमचा तंतू. साधी धूळ कोरडी असते, फुंकरीनं उडते. कापसाचा तंतू तसा नाय, तो एकमेकांत गुंततो आणि रेडिएटरच्या किंवा हीटसिंकच्या पात्यांवर चादरीसारखा बसतो, सोलापूरची चादर आपल्याला फुकटात विणून मिळते आतमध्ये. अशोक चौकाकडच्या एका पोराचा पीसी उघडला तर रेडिएटरचं पुढचं तोंड पूर्ण बंद, पांढरी गादी, आणि त्याला वाटत होतं पंप गेला. म्हणून ती काचेची केस मनातून काढून टाक. पुढून पूर्ण जाळी असलेली केस घे, फ्रॅक्टल नॉर्थ, लियान ली लॅनकूल २१६, कॉरसेअर ४०००डी एअरफ्लो, यातली जी मिळेल ती, मोठं बजेट आहे तर फ्रॅक्टल टोरेंट घे, तिच्या पुढं १८० एमएमचे दोन पंखे येतात आणि हळू फिरूनबी लई हवा ओढतात. बघायचं एवढंच की जाळीच्या आत फिल्टर आहे का आणि तो एका हातानं निघतो का. स्क्रू काढून फिल्टर काढावा लागत असेल तर तू तो कधीच धुणार नाय, मला माहिती आहे. पंखे असे लाव की आत येणारी हवा बाहेर जाणाऱ्यापेक्षा जास्त, मग फटीफटीतून तंतू आत खेचला जात नाय, जे येईल ते फिल्टरमधूनच येतं. फिल्टर दर पंधरा दिवसांनी नळाखाली, आणि तीन महिन्यांनी गच्चीवर नेऊन ब्लोअर. ब्लोअर मारताना पंख्याची पाती बोटानं धरून ठेव, हवेनं पंखा भिंगरीसारखा फिरवायची मजा येते पण बेअरिंग जातं.

एवढं झालं. आता स्क्रीन, कारण कार्ड कुठलं हे स्क्रीन ठरवते, आणि तुझ्या लिस्टमधली सगळ्यात मोठी गडबड हीच आहे. फुल एचडीत साधारण २१ लाख पिक्सेल असतात, ४के मध्ये ८३ लाख. ५०९० ला २१ लाख पिक्सेल दिलेस तर ते काम संपवून बसून राहणार, प्रोसेसरची वाट बघत. नवी बुलेट घेऊन संध्याकाळी नवी पेठेतून पयल्या गिअरमध्ये जाण्यासारखं झालं ते. दोन लाखाच्या कार्डाची किंमत डोळ्याला दिसणार कुठं? स्क्रीनवरच ना?

मॉनिटर ३२ इंची ४के ओएलईडी, २४० हर्ट्झ, म्हंजे सेकंदाला २४० वेळा चित्र बदलणारा. हा बजेटमधला दुसरा मोठा खर्च आणि मी याच्यावर हात आखडता घेऊ देणार नाय. ओएलईडीत प्रत्येक पिक्सेल स्वतः पेटतो आणि स्वतः विझतो त्यामुळं रेड डेडमधली रात्र खरंच काळी दिसते, आणि पिक्सेल बदलायचा वेळ इतका कमी की व्हॅलोरंटमध्ये मान फिरवली तरी माणूस पुसट होत नाय. २७ इंचीतबी ४के येतं, ते जास्त रेखीव, पण टेबल खोल असेल तर ३२ ची मजा वेगळी.

पण थांब. तू दिवसाला नऊ तास त्याच्यावर एक्सेल आणि कोड उघडून बसणार, खाली टास्कबार तसाच, वर तोच मेनू. ओएलईडीला हे झेपत नाय, एकाच जागी एकच चित्र महिनोन्‌महिने राहिलं की त्याचा डाग बसतो. म्हणून तुझा जुना २४ इंची विकू नको! ऑफिस त्याच्यावर, आणि संध्याकाळी सहानंतर मोठा पेटव. घेताना वॉरंटीत बर्न-इन, म्हंजे हाच डाग, लिहिलाय का ते बघ, काही कंपन्या तीन वर्षं देतात. आणि खिडकीचं ऊन समोरून पडत असेल तर क्यूडी-ओएलईडी या प्रकारच्या स्क्रीनचा काळा रंग जांभळट राखाडी दिसतो, पडदा लाव किंवा टेबल फिरव.

मग कार्ड. ५०९० का ५०८०? बाजारात आली तेव्हा इथली सुरुवातीची किंमत ५०९० ची २ लाख १४ हजार आणि ५०८० ची १ लाख ७ हजार, म्हंजे बरोबर दुप्पट, आणि ५०९० तर त्याच्या बरंच वरच विकलं गेलं. दुप्पट पैशात ४के ला साधारण दीडपट फ्रेम. मेमरी ३२ जीबी विरुद्ध १६, वीज ५७५ वॅट विरुद्ध ३६०. तुला घरी एआय मॉडेल चालवायची असती किंवा थ्रीडीचं काम असतं तर ३२ जीबीसाठी मीच म्हणालो असतो घे. नुसत्या गेमसाठी, पाच लाखात, या खोलीत, ५०८० घे. तो जो लाखावर फरक वाचतो त्यातच मॉनिटर निघतो. ५०९० जुन्या फुल एचडीवर, का ५०८० नव्या ४के ओएलईडीवर, दोन्ही शेजारी ठेवून दाखवलं तर तुझी आजीसुद्धा दुसरा निवडेल.

५०८० ला ४के झेपेल का असं विचारशील. डीएलएसएस ही एनव्हिडियाची चित्र मोठं करायची युक्ती, तिच्या क्वालिटी मोडमध्ये गेम आतून १४४०पी मध्ये (फुल एचडी आणि ४के च्या मधलं) बनतो आणि वर ४के करून दाखवला जातो, आणि आता ते इतकं सुधारलंय की खेळताना फरक शोधावा लागतो. सायबरपंक पाथ ट्रेसिंग (खऱ्यासारखा प्रकाश, कार्डावर लई भार) लावून खेळायचा असेल तर फ्रेम जनरेशनबी लागेल, म्हंजे मधल्या फ्रेम कार्डानं स्वतःच बनवून घालणं. तिथं एक ध्यानात ठेव, फ्रेम जनरेशन फ्रेमची संख्या वाढवतं, माऊसचा प्रतिसाद वाढवत नाय. मूळ फ्रेम साठच्या आसपास असतील तर छान वाटतं, मूळ तीसच असतील तर आकडा १२० दिसतो आणि हात मात्र चिखलात चालल्यासारखा. व्हॅलोरंटला यातलं काहीच लागत नाय. आणि मन मारूनच घ्यायचं तर ५०७० टीआय, १६ जीबी, ३०० वॅट, १४४०पी ला ते कार्ड म्हंजे सोनं. एएमडी कंपनीचं रेडिऑन ९०७० एक्सटीबी त्याच तोडीचं, पण तुला पाथ ट्रेसिंग पायजे म्हणून मी एनव्हिडियाकडं झुकतोय.

तरीबी ५०९० च घेणार असशील, हट्ट आहे तर हट्ट आहे, मग १००० वॅटच्या वरची पॉवर सप्लाय घे आणि पयल्या दिवशी पॉवर लिमिट ७५-८० टक्क्यांवर आण. फ्रेम थोड्याच जातात आणि ११५ ते १४० वॅटची उष्णता कमी होते. मी ५०८० लासुद्धा उन्हाळ्यात हेच करतो.

प्रोसेसरवर आता जास्त बोलायला उरलंच नाय. आय९ १४९००के काढ. इंटेलच्या १३ व्या आणि १४ व्या पिढीत व्होल्टेज जास्त जाऊन चिप हळूहळू खराब होण्याचा घोळ २०२४ मध्ये कंपनीनं स्वतः मान्य केला, मायक्रोकोड (चिपच्या आतलं सॉफ्टवेअर) सुधारला, वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली, सगळं खरं, पण त्याचा सॉकेटबी आता संपला, पुढं काही बसणार नाय त्यात. एएमडीचा रायझन ७ ९८००एक्स३डी घे. आठ कोर, ९६ एमबी एल३ कॅश, म्हंजे चिपमधलीच मेमरी. गेम म्हंजे तेच तेच छोटे हिशोब सेकंदाला शेकडो वेळा, ते रॅमपर्यंत न जाता चिपमध्येच सापडले की फ्रेम वाढतात आणि मुख्य म्हंजे मधले झटके कमी होतात. आधीच्या ७८००एक्स३डी मध्ये ही कॅश कोरच्या वर बसवलेली होती, म्हंजे कोरला वरून गोधडी पांघरल्यासारखं, यात ती खाली गेली त्यामुळं उष्णता सरळ कूलरला मिळते. सोलापुरात याला किंमत आहे. १६ कोरचा ९९५०एक्स३डी गेमसाठी नको, व्हिडिओ एडिटिंग करत नाहीस तू.

गेममध्ये हा प्रोसेसर शंभर वॅटच्या आतच राहतो, त्यामुळं ३६० चा लिक्विड कूलर लागत नाय. मला माहिती आहे तुला तो दिसायला आवडतो. पण त्यात पंप आहे, रबरी नळ्या आहेत, आणि पाच-सहा वर्षांत कधीतरी तो जाणार. दोन टॉवरचा एअर कूलर घे, थर्मलराईट फँटम स्पिरिट स्वस्तात मस्त, पैसे आहेतच तर नॉक्टुआ एनएच-डी१५. त्यात बिघडणार काय तर पंखा, आणि पंखा स्टेशनवर उतरल्या उतरल्या कुठंबी मिळतो. केसमध्ये उंची बसते का तेवढं बघ, डी१५ ला १६५ एमएम लागतात.

मदरबोर्ड साठ हजाराचा कशाला बे? बी८५० चिपसेटचा वीस-पंचवीस हजाराचा चांगला बोर्ड घे, या प्रोसेसरला तो पुरून उरतो, फ्रेम एकबी वाढत नाय महागड्यानं, फक्त मागचे पोर्ट आणि पुढचे दिवे वाढतात. बायोस फ्लॅशबॅकचं बटण असलेला बघ, बायोस म्हंजे बोर्डाचं मूळ सॉफ्टवेअर, ते त्या बटणानं प्रोसेसर न लावताबी अपडेट होतं.

रॅम दोनच स्टिक. चार लावल्या की या प्लॅटफॉर्मवर स्पीड धाडकन खाली येतो, अधिकृत आकडा ३६०० पर्यंत उतरतो. डीडीआर५ ६००० सीएल३० (६००० हा स्पीड, सीएल म्हंजे उत्तर द्यायचा उशीर, कमी तेवढा बरा), १६ जीबीच्या दोन. २०२५ च्या शेवटापासून एआयवाल्या कंपन्यांनी मेमरी उचलायला लागल्यापासून रॅमचे भाव असे चढलेत की ६४ साठी आत्ता पैसे ओतणं म्हंजे वेडेपणा, गेमला ३२ पुरतात. एसएसडी २ टीबी जेन४ (चौथ्या पिढीची), सॅमसंगची ९९० प्रो किंवा डब्ल्यूडीची एसएन८५०एक्स, सेकंदाला सात हजार एमबीच्या वर स्पीड. जेन५ ची कागदावर दुप्पट आहे पण गेम उघडायला सेकंद-दीड सेकंदाचा फरक आणि तापते किती विचारू नको. पॉवर सप्लाय ५०८० ला ८५० भागते, मी १००० वॅट गोल्ड एटीएक्स ३.१ घे म्हणेन, पुढं कार्ड बदललं तरी राहील, आणि अर्ध्या लोडवर पंखा जवळपास बंदच असतो.

माझ्या हिशोबानं हे सगळं यूपीएस आणि मॉनिटर धरून चार-सव्वाचार लाखात बसतं, उरलेल्यात एसी, वायरमन, कीबोर्ड-माऊस, आणि खुर्ची. खुर्ची ऑफिसवाली घे, रेसिंगची नको.

खरेदी कुठून, हेबी विचारलंयस. छोट्या वस्तू इथंच घे, दुकानदार ओळखीचा असला की सहा महिन्यांनी कामाला येतो. कार्ड, प्रोसेसर, मॉनिटर मात्र पुणे, मुंबईचा लॅमिंग्टन रोड किंवा हैदराबाद, जिथं भाव बरा लागेल तिथून. मी अजूनबी हुतात्मा एक्स्प्रेसनं सकाळी पुण्याला जातो आणि रात्री कार्ड मांडीवर घेऊन परत येतो, कुरिअरवर माझा भरवसा नाय. मागवणारच असशील तर खोक्याची चिकटपट्टी फाडायच्या आधीपासून सलग व्हिडिओ काढ. जीएसटी बिलावर सिरियल नंबर लिहून घे, खोक्यावरचा आणि कार्डावरचा जुळतोय का बघ. चार-पाच हजार स्वस्त देतो पण बिल साध्या कागदावर, असा भेटला की तिथून उठायचं, कारण असलं कार्ड वॉरंटीला उभं करत नायत, मी एकदा स्वतः शिकलोय ते, आणि ज्यानं विकलं त्याचा फोन आजतागायत लागतोय पण उचलत नाय.

जोडायला बसशील तेव्हा दोन-चार गोष्टी. कार्डाची ती १२व्ही-२एक्स६ पॉवर केबल पूर्ण आत जाईस्तोवर दाब, मी टॉर्च मारून बघतो फट दिसते का, आणि कनेक्टरपासून तीन-चार सेंटिमीटर सरळ जाऊ दे, लगेच वाकवू नको. या कनेक्टरच्या आधीच्या प्रकारात अर्धवट बसलेले प्लग वितळलेत, आणि ५०९० वरबी तसले फोटो येऊन गेलेत. कार्ड जड असतं, खाली आधार लाव. कूलरच्या तळाची प्लॅस्टिकची पट्टी काढ, हसतोस पण वर्षाला दोन तरी येतात माझ्याकडं पट्टीसकट. पयल्यांदा चालू केल्यावर पाच-दहा मिनिटं स्क्रीन काळीच राहील, घाबरून बटण दाबू नको, डीडीआर५ स्वतःचं ट्रेनिंग करत असतंय. मग बायोस अपडेट, त्यातच एक्सपो (रॅमला पूर्ण स्पीड देणारं सेटिंग) चालू, नायतर ६००० ची रॅम ४८०० वरच पळते. मॉनिटरची केबल ग्राफिक्स कार्डला लाव, मदरबोर्डला नको. आणि विंडोजमध्ये जाऊन रिफ्रेश रेट २४० कर. एक जण आठ महिने ६० हर्ट्झवर खेळत होता, लाखाच्या मॉनिटरवर, आणि वर मला म्हणायचा, दादा फरक काय एवढा जाणवत नाय.

ऑर्डर आज काहीच टाकू नको. उद्या मीटर घेऊन न्यूट्रल-अर्थचा आकडा आणि संध्याकाळ-रात्रीचं व्होल्टेज मोज, टेबलाची खोली टेपनं मोज, आणि मला कळव, मग यूपीएस कुठला आणि मॉनिटर २७ का ३२ ते सांगतो.